हृदय प्रत्यारोपणानंतर रिजेक्शनवर नजर कशी ठेवायची: गोव्यातली घरं आणि फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी

हृदय प्रत्यारोपण झालेल्या माणसाला रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं हृदय परकं समजून त्यावर केलेला हल्ला, सुरू झालं तरी छातीत सहसा दुखत नाही. शस्त्रक्रियेत हृदयाकडे जाणाऱ्या नसा (मज्जातंतू) तुटतात आणि पुढे त्या पूर्णपणे कधीच जुळत नाहीत. शिवाय सुरुवातीच्या बऱ्याच रिजेक्शनमध्ये रुग्ण नीट जेवतो, बाजारात जाऊन येतो, आणि बायोप्सीत (हृदयाचे बारीक तुकडे काढून केलेल्या तपासणीत) मात्र पेशींचा हल्ला दिसतो. त्यामुळे ‘काही वाटलं तर दाखवू’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे कामाचा नाही. बरं वाटत असतानाच मोजायचं, आणि आजचा आकडा त्याच माणसाच्या मागच्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून बघायचा.

गोव्यात यात एक अडचण जास्तीची. प्रत्यारोपणाचं केंद्र मुंबई, बंगळूर किंवा चेन्नईला आणि रोजचं जगणं फोंड्यात, काणकोणात, नाहीतर सत्तरीत. केंद्राचे डॉक्टर ठरलेल्या तपासणीलाच भेटणार. मधले दिवस घरातलं एक माणूस, जवळचा डॉक्टर आणि जवळची लॅब यांच्या भरवशावर काढायचे. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या केंद्राने वेगळे दिले असतील तर तेच पाळा.

हल्ल्याचे प्रकार

पहिला प्रकार पेशींचा. रुग्णाच्या टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) नव्या हृदयाच्या स्नायूत शिरतात. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत याचा धोका सगळ्यात जास्त, आणि स्टेरॉइडने तो बहुधा आटोक्यात येतो. दुसरा अँटिबॉडींचा. दात्याच्या पेशींची ओळख ठरवणाऱ्या एचएलए प्रथिनांविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात. आधी गरोदरपण येऊन गेलेलं असेल, बरंच रक्त चढवलेलं असेल किंवा प्रत्यारोपणापूर्वी यांत्रिक पंप लावलेला असेल, तर हा जास्त संभवतो. तिसरा वर्षानुवर्षं हळूहळू चालतो, त्यात कोरोनरी धमन्या आतून जाड होत जातात. तिघांच्या तपासण्या वेगळ्या. एक ठीक आली म्हणून बाकीच्या सोडून देता येत नाहीत.

रोजची वही

मोबाइलच्या अ‍ॅपपेक्षा दोनशे पानी वही बरी. ती डॉक्टरांसमोर उघडून ठेवता येते आणि तीन महिन्यांचा चढउतार एका नजरेत दिसतो. रकाने पाच: वजन, ताप, नाडी, रक्तदाब, चाल. शेवटी एक मोकळी ओळ ठेवा. त्या दिवशी चुकलेली गोळी, नवं औषध, जुलाब, प्रवास, सगळं तिथे लिहायचं.

वजन सकाळी उठल्यावर लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी आणि रोज तशाच हलक्या कपड्यांत घ्या. काटा चटईवर किंवा जुन्या घरातल्या खालीवर झालेल्या फरशीवर ठेवू नका, अर्धा-पाऊण किलोचा फरक सहज पडतो. एकच सपाट जागा ठरवा आणि काटा तिथून हलवू नका. एका दिवसात एक किलोहून जास्त किंवा आठवड्यात दोन किलोहून जास्त वजन चढलं तर त्याच दिवशी केंद्राला फोन करायचा. एवढ्या लवकर चरबी वाढत नसते, ते पाणी असतं. चवथीच्या दिवसांत, खाऱ्या बांगड्यानंतर किंवा लोणच्या-पापडांनंतर मिठामुळेही पाणी धरतं, हे खरं. पण मिठाने की हृदय कमी पडल्याने, हे स्वयंपाकघरात उभं राहून ठरवता येत नाही. जेवणात काय होतं ते फोनवर सांगा, निर्णय त्यांना घेऊ द्या.

नाडी मोजताना एक गोष्ट आधीच समजून घ्या. नसा तुटल्यामुळे बसलेल्या अवस्थेतही मिनिटाला ९० ते ११० ठोके पडणं नव्या हृदयासाठी साधारण आहे. चालायला लागल्यावर नाडी लगेच चढत नाही, पाच-दहा मिनिटांनी चढते, आणि थांबल्यावर उतरायलाही वेळ घेते. म्हणून जिना चढून आल्या आल्या मोजलेल्या नाडीला अर्थ नाही. दहा मिनिटं बसून, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ठोके अनियमित असले की चुकीचा आकडा दाखवू शकतो, आणि आपल्याला तर अनियमितपणाच पकडायचा असतो. बसून नाडी १२० च्या वर टिकली, नेहमीपेक्षा एकदम खाली आली, किंवा मध्येच ठोका चुकतोय असं लागलं तर ईसीजी त्याच दिवशी. नव्याने सुरू झालेला एट्रियल फ्लटर किंवा फिब्रिलेशन (ठोक्यांच्या लयीतला बिघाड) हे रिजेक्शनचं पहिलं चिन्ह असू शकतं.

रक्तदाब दंडावरच्या पट्ट्याने घ्यायचा, मनगटाच्या यंत्राने नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. एका मिनिटाच्या अंतराने दोन वाचनं घेऊन दोन्ही लिहायची. टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं औषध) आणि स्टेरॉइड दोन्ही दाब वाढवतात, त्यामुळे इतके दिवस १४० च्या आसपास असणारा दाब काही औषध न बदलता १०० वर आला तर ‘बरं झालं, उतरला’ म्हणू नका. हृदयाची ताकद कमी होत असल्याचा तो इशारा असू शकतो.

चालीचा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि आमच्या मते तोच सगळ्यात बोलका. घरापासून देवळापर्यंत, नाहीतर तिठ्यापर्यंत, एकच सपाट वाट ठरवा. किती मिनिटं लागली आणि मध्ये किती वेळा थांबावं लागलं, एवढंच लिहा. गेल्या महिन्यात न थांबता होणारी वाट आता दोन थांबे घेऊन होत असेल, झोपताना एकाची दोन उशी लागत असेल, पोट फुगल्यासारखं वाटून जेवण जात नसेल, घोट्याला सूज असेल, तर वजन स्थिर असलं तरी कळवायचं. जेवण न जाणं आणि मळमळ हे लोक पित्तावर घालतात, पण हृदयाची उजवी बाजू कमी पडून यकृतात रक्त साचलं की नेमकं हेच होतं.

टॅक्रोलिमसची पातळी: इथेच बहुतेक घोळ होतात

बहुतेक रुग्णांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही तीन औषधं असतात. पैकी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी नियमित मोजावी लागते. ती खाली गेली तर रिजेक्शन, वर गेली तर मूत्रपिंडाला इजा, हातांना कंप आणि पोटॅशियम वाढणं. पहिल्या दोन महिन्यांत साधारण १० ते १५ नॅनोग्रॅम प्रति मिली आणि सहा महिन्यांनंतर ५ ते १० अशी मर्यादा ठेवतात.

रक्त सकाळच्या गोळीआधी, संध्याकाळच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं. डोस आठचा आणि लॅब उघडते साडेआठला, हा नेहमीचा पेच. यावर उपाय असा की आदल्या संध्याकाळची गोळीही साडेआठला घ्यायची आणि सकाळची डबीत घालून सोबत न्यायची. रक्त दिल्यावर तिथेच पाण्याबरोबर घेऊन टाकायची. घरून चुकून गोळी खाऊन निघालात तर रक्त देऊच नका, दुसऱ्या दिवशी या. गोळीनंतर दोन तासांनी घेतलेलं रक्त पातळी भरपूर दाखवतं. त्या आकड्यावर विसंबून डोस कमी केला गेला तर पुढच्या पंधरवड्यात रिजेक्शनला दार उघडं.

लॅबवाल्याला सांगा: जांभळ्या टोपीची ईडीटीए नळी, पूर्ण रक्त. टॅक्रोलिमस लाल पेशींत साठतं, म्हणून सीरम वेगळं काढून पाठवलेला नमुना निरुपयोगी. आपल्याकडच्या लहान लॅब नमुना बाहेर पाठवतात. शनिवारी दिलेलं रक्त सोमवारपर्यंत फ्रिजमध्ये टिकतं खरं, पण निकाल लांबतो, तेव्हा सोमवार ते बुधवार यातला दिवस निवडा. आणि लॅब बदलू नका. मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत, इम्युनोअ‍ॅसे आणि मास स्पेक्ट्रोमेट्री. पहिलीचा आकडा बऱ्याचदा थोडा चढा येतो. एका लॅबचा ९ आणि दुसरीचा ७ यात कदाचित खरा फरक काहीच नसेल.

दुकानदाराने ‘तेच औषध, कंपनी वेगळी’ म्हणून दिलेली कॅप्सूल न विचारता घेऊ नका. दिवसातून दोनदा घ्यायची साधी कॅप्सूल आणि दिवसातून एकदा घ्यायची सावकाश विरघळणारी कॅप्सूल यांची अदलाबदल तर फारच महाग पडते. केंद्राच्या संमतीने कंपनी बदललीच तर आठवड्याभरात पातळी तपासा. पावसाळ्यापूर्वी आपण मीठ-मिरची, सुकी सुंगटं भरून ठेवतो, तशीच एक महिन्याची औषधं घरात जादा असू द्यात. झाड आडवं पडून रस्ता बंद झाला म्हणून डोस चुकता कामा नये.

आता औषधांचे आपसांतले संबंध. गोव्याच्या दमट हवेत गजकर्ण घरोघरी. त्यावर डॉक्टर इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल देतात. ही औषधं यकृतातलं सीवायपी३ए४ हे विकर (औषध मोडणारं एन्झाइम) अडवतात आणि टॅक्रोलिमसची पातळी दुप्पट-तिप्पट होऊ शकते. मग केंद्र डोस कमी करतं. पण खरा धोका त्यानंतरचा आहे. गजकर्ण बरं झालं, कॅप्सूल बंद झाली, आणि हे केंद्राला कुणी सांगितलंच नाही. विकर पुन्हा जोमाने काम करू लागतं आणि कमी केलेल्या डोसावर पातळी खाली घसरते. तेव्हा असं औषध सुरू करताना एक फोन आणि बंद करताना दुसरा, दोन्ही तितकेच महत्त्वाचे. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल हीही पातळी वाढवणारीच. उलट क्षयावरचं रिफाम्पिसिन आणि फिटांवरची फेनिटोइन, कार्बामाझेपीन पातळी पाडतात. रिफाम्पिसिन सुरू झाल्यावर काही दिवसांतच ती तळाला जाते, म्हणून क्षयाचं निदान झालं तर गोळ्यांचं पाकीट उघडण्यापूर्वी केंद्राशी बोलणं झालंच पाहिजे.

जुलाबाबद्दल लोकांचा अंदाज उलटा असतो. जुलाब लागले की औषध वाहून जात असेल असं वाटतं, पण आतड्याच्या अस्तरातली टॅक्रोलिमस अडवणारी यंत्रणा बिघडल्यामुळे ते जास्त शोषलं जातं आणि पातळी चढते. दोन दिवस जुलाब राहिले तर पातळी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) दोन्ही तपासा, मनाने डोस वाढवू नका. गोळी चुकली आणि लवकर लक्षात आलं तर घ्यायची, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडायची. दोन एकदम कधीच नाहीत.

खाण्यात पपनस पूर्ण बंद. माटोळीला बांधलेलं पपनस प्रसाद म्हणून वाटलं जातं, तेव्हा घरातल्यांना आधीच सांगून ठेवा. त्यातली द्रव्यंही तेच विकर अडवतात. गुळवेलीचा काढा प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून देतात. इथे तर ती दाबून ठेवण्यासाठी सगळा खटाटोप चाललेला असतो, शिवाय गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आपल्या देशात झालेल्या आहेत. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, तेव्हा पोटॅशियमचा रिपोर्ट बघितल्याशिवाय रोजचं शहाळं नको. कच्ची किंवा अर्धवट उकडलेली कालवं आणि तिसऱ्यो संसर्गामुळे टाळायच्या. नीट शिजवलेल्या मासळीला हरकत नाही.

बायोप्सी

पेशींचं रिजेक्शन ठरवायला अजूनही बायोप्सीच प्रमाण मानतात. साधारण वेळापत्रक असं: पहिले चार आठवडे दर आठवड्याला, मग तिसऱ्या महिन्यापर्यंत पंधरवड्याला, सहाव्यापर्यंत महिन्याला, वर्ष पुरं होईतो दोन-तीन महिन्यांनी. केंद्रागणिक यात कमीजास्त होतं.

मानेच्या उजव्या शिरेतून, क्वचित जांघेतून, एक बारीक नळी उजव्या कप्प्यात नेतात आणि चिमट्यासारख्या बायोटोमने दोन कप्प्यांमधल्या पडद्याचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे तुकडे घेतात. हा चिमटा मानेतून वारंवार वापरता येईल असा फिलिप केव्हज यांनी स्टॅनफर्डमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवला, त्याआधी रिजेक्शन ओळखायचं म्हणजे बहुतांशी ईसीजीवर अंदाज. रिजेक्शन हृदयभर सारखं पसरलेलं नसतं, म्हणून कमीत कमी तीन आणि शक्यतो पाच तुकडे वेगवेगळ्या जागांहून घेतात. ते खोलीच्या तापमानाच्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकायचे. फ्रिजमधलं गार फॉर्मॅलिन वापरलं तर स्नायू आक्रसून इजा झाल्यासारखा दिसतो. भूल स्थानिक असते, आणि रक्त पातळ करणारं औषध किती दिवस आधी थांबवायचं ते लेखी घ्या. घरी परतल्यावर छातीत दाब, चक्कर किंवा धाप लागली तर त्याच रात्री इको. हृदयाभोवती रक्त साचणं विरळच, पण सकाळपर्यंत थांबण्यातलं नाही.

रिपोर्टवर ०आर म्हणजे काही नाही. १आर म्हणजे पेशी शिरल्यात, पण स्नायूला इजा झालेली जागा फार तर एक. याला बहुधा जादा उपचार लागत नाही, पातळी बघतात आणि पुढची बायोप्सी वेळेवर करतात. २आर म्हणजे इजेच्या दोन किंवा जास्त जागा, आणि इथून उपचार सुरू. ३आर म्हणजे सर्वदूर इजा, लगेच दाखल व्हायचं. जुन्या पद्धतीने लिहिलेला रिपोर्ट आला तर १ए, १बी आणि २ म्हणजे आताचं १आर, ३ए म्हणजे २आर, ३बी आणि ४ म्हणजे ३आर. ‘जुना ग्रेड २’ आणि ‘२आर’ यांची गल्लत होऊन घरात रडारड होते, म्हणून हे सांगितलं. ‘क्विल्टी’ असा शेरा दिसला तर तो हृदयाच्या आतल्या अस्तराखाली जमलेल्या पेशींचा पुंजका, ते रिजेक्शन नव्हे. आधीच्या बायोप्सीचा व्रणही नवशिक्या डोळ्याला फसवतो, तेव्हा स्लाइड आणि ब्लॉक केंद्राच्या पॅथॉलॉजिस्टकडेच राहू द्यात. अँटिबॉडींच्या रिजेक्शनसाठी पीएएमआर ० ते ३ अशी वेगळी ओळ असते, आणि त्यासाठी तुकड्यांवर सी४डी (अँटिबॉडीच्या हल्ल्याची खूण असलेलं प्रथिन) रंगवलेलं आहे का ते बघा.

२आर-३आरला शिरेतून मेथिलप्रेडनिसोलोन, ५०० ते १००० मिलिग्रॅम रोज, असे तीन दिवस देण्याची पद्धत आहे. दोनेक आठवड्यांनी पुन्हा बायोप्सी होते. त्या काळात साखर चढते, ग्लुकोमीटर घरी ठेवा.

इको, ईसीजी आणि रक्त: गोव्यात काय करता येतं

इको इथे सहज होतो, पण त्याची किंमत तुलनेत आहे. शक्य असेल तर एकच जागा, एकच यंत्र, एकच डॉक्टर. कागदावरच्या रिपोर्टसोबत चित्रफिती पेन ड्राइव्हवर मागून घ्या. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) आधीपेक्षा १० अंकांनी उतरलं, भिंती जाड झाल्या, हृदयाभोवती नवं पाणी दिसलं किंवा आकुंचनाचा स्ट्रेन (स्नायू किती आखडतो त्याचं माप) बिघडला, तर बायोप्सीची तारीख अलीकडे आणावी लागते. उलटपक्षी इको चांगला आला म्हणून ठरलेली बायोप्सी रद्द करायची नाही, सौम्य रिजेक्शन इकोत दिसत नाही. आणि इको बिघडलेला, बायोप्सी मात्र ०आर, असं आलं तर सुटकेचा श्वास टाकू नका. अँटिबॉडी किंवा धमन्यांचा आजार शोधावा लागतो.

ईसीजीत उजव्या फांदीचा अडथळा (राइट बंडल ब्रँच ब्लॉक) बऱ्याच प्रत्यारोपित हृदयांत असतो. घरी आलात की पहिल्याच आठवड्यात एक ईसीजी काढून वहीत चिकटवा, म्हणजे अपरात्री बघणाऱ्या डॉक्टरला जुनं काय आणि नवं काय ते कळेल. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे चढंच असतं. ते असो की एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी), एकटादुकटा आकडा बोलत नाही, चढण बोलते. दात्याविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी. गोळ्या चुकल्या असतील तर मध्येही. रक्तातल्या दात्याच्या डीएनएवरून किंवा जनुकांच्या हालचालीवरून अंदाज घेणाऱ्या चाचण्याही आहेत. कमी धोक्याच्या रुग्णाच्या काही बायोप्सी त्यांनी टळतात, पण त्या करायच्या की नाहीत हे केंद्राचं काम.

ताप आला तर

ताप रिजेक्शनचा असू शकतो, पण संसर्गाचा असण्याची शक्यता जास्त. दोघांचे उपचार उलटे: एकात प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, दुसऱ्यात सैल सोडायची. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनमध्ये क्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय बसवलं. तो रुग्ण १८ दिवसांनी गेला तो न्यूमोनियाने, आणि हृदय शेवटपर्यंत चालत होतं.

म्हणून १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअसला फोन. स्टेरॉइड ताप झाकतं, त्यामुळे ९९.५ वर रेंगाळणारा तापही मोजायचा. पॅरासिटामॉल फोननंतर, आधी नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक तर नकोच, टॅक्रोलिमससोबत मूत्रपिंड बसतं. पावसाळ्यात डेंगी, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या चाचण्या पहिल्याच दिवशी करा. भाटात, शेतात अनवाणी जाणं बंद. डेंगीत प्लेटलेट उतरतात आणि मायकोफेनोलेटही रक्तपेशी कमी करतं, तेव्हा रक्ताचा रिपोर्ट केंद्राला पाठवताना गोळ्यांची यादी सोबत जोडा.

वर्षानंतर

पहिलं वर्ष पार पडल्यावर बायोप्सी विरळ होतात आणि घराचं लक्षही विरळ होतं. नेमका तेव्हा धमन्यांचा तिसरा प्रकार वाढत असतो. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार दहा वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांत तो दिसतो. छातीत कळ नाही, थेट धाप, बेशुद्धी किंवा ठोक्यांचा बिघाड. म्हणून वार्षिक अँजिओग्राफी ‘काही त्रास नाही’ म्हणून पुढे ढकलायची नाही. कोलेस्टेरॉल चांगलं असलं तरी दिलेलं स्टॅटिन चालू ठेवायचं.

पाकिटात ठेवायचा कागद

धाप, बेशुद्धी, दाब एकदम खाली, ठोके वेडेवाकडे: १०८ ला फोन. उत्तरेत असाल किंवा दक्षिणेत, ‘हृदय प्रत्यारोपणाचा रुग्ण’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचं, म्हणजे बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यायचं की आधी जवळच्या जिल्हा रुग्णालयात स्थिर करायचं ते ठरवता येईल. निघतानाच दुसऱ्या माणसाने केंद्राच्या समन्वयकाला फोन लावून तो आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरच्या हातात द्यायचा.

कागदावर मोठ्या अक्षरांत एवढं लिहा: शस्त्रक्रियेची तारीख आणि केंद्राचा चोवीस तासांचा नंबर. औषधं, डोस आणि शेवटची टॅक्रोलिमस पातळी. नसा नसलेलं हृदय, ठोके मंद झाले तर अ‍ॅट्रोपिनवर विसंबू नये, अ‍ॅड्रेनालिन किंवा आयसोप्रिनालिनचं ड्रिप किंवा पेसिंग तयार ठेवावं. अ‍ॅडेनोसिन नेहमीच्या डोसात देऊ नये, हृदय बराच वेळ थांबू शकतं. छातीत दुखत नाही म्हणून हृदयविकार नाही असं धरू नये. रक्त चढवायचं झाल्यास पांढऱ्या पेशी गाळलेलं. कागदाची एक प्रत रुग्णाच्या पाकिटात, एक शेजाऱ्याकडे, आणि डोस बदलला की दोन्ही जुन्या फाडून नव्या ठेवायच्या.